साबडेवहिनींच्या नावाची बाटली

रोज सकाळी साडेसातला देवयानी पळसुले इन्क्युबेटरच्या दारावर बोटाच्या पेरानं तीनदा टकटक करायच्या. मग थांबायच्या, आतून कुणी 'या' म्हणेल इतका वेळ. आणि मगच दार उघडायच्या.

अलीगंजमधल्या एका धर्मादाय प्रसूतिगृहाच्या पहिल्या मजल्यावर ती लॅब होती. कोपऱ्यातला इन्क्युबेटर म्हणजे छातीइतक्या उंचीचं एक करडं कपाट, त्याच्या पोटात बारा महिने माणसाच्या अंगाइतकीच ऊब असायची. डिसेंबरात खिडकीबाहेरचा रस्ता धुक्यात नाहीसा झाला की चेतना कधीकधी त्या कपाटाला पाठ टेकून उभी राहायची. पाठीला कुणाचं तरी अंग लागल्यासारखं वाटायचं, म्हणून फार वेळ नाही.

चेतना तिथली दुसरी तंत्रज्ञ. चौतीस वर्षांची, आजोबांच्या बदलीपासून लखनौचीच झालेल्या घरातली. मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून यायची ती हिंदीच. नोकरीच्या पहिल्या दिवशी ती टकटक ऐकून तिनं विचारलं होतं, "काकू, अंदर कौन है?"

"जे रात्रभर जागे होते, ते," देवयानीबाई म्हणाल्या होत्या. "आपण झोपलो होतो. न विचारता कसं घुसायचं?"

आठ वर्षं झाली, तरी ही थट्टा होती की काय हे चेतनाला ठरवता आलं नव्हतं. बाई हसल्या नव्हत्या, एवढं आठवत होतं.

कपाटात जागणारे म्हणजे जंतू. प्रसूतिगृहात नाव नोंदवायला येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईच्या लघवीचा नमुना वर यायचा. देवयानीबाई तारेचं बारीकसं कडं त्यात बुडवायच्या, त्यात मावणारा जेमतेम डोळ्याला दिसेल एवढा थेंब काचेसारख्या प्लेटवर नागमोडी रेघांनी पसरायच्या आणि प्लेट उबेला ठेवून घरी जायच्या. सकाळी बहुतेक प्लेट्स आदल्या दिवशीसारख्याच कोऱ्या असायच्या. शंभरात पाच-सहांवर मात्र त्याच रेघांवरून गुलाबी ठिपके उठलेले असायचे. शंभराच्या वर ठिपके, तेही सगळे एका जातीचे, म्हणजे त्या बाईच्या मूत्राशयात कुणीतरी राहायला आलेलं आहे. तिला त्याचा पत्ताही नसायचा. ताप नाही, जळजळ नाही.

खालच्या बाकावर बसलेल्या बायका कुरकुरायच्या. "हमें तो कुछ हुआ ही नहीं है, दीदी. फिर काहे की जाँच?"

"म्हणूनच," देवयानीबाई म्हणायच्या. मग हिंदीत सांगायच्या, की जिला दुखतं ती आपणहून येते. आम्हाला हवी आहे ती, जिला काही दुखत नाही. पोटात बाळ नसतं तर ते जंतूंचं बिऱ्हाड राहिलं असतं तसंच बसून. पण पोट वाढतं, वाटा दाबल्या जातात, आणि ते वर मूत्रपिंडाकडे चढतं. मग एकदम हुडहुडी भरून ताप, कधी वेळेआधीच कळा. आठवडाभर गोळ्या घेतल्या तर बहुधा काहीच होत नाही.

हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा नाही. त्यांचा हृषीकेश सातव्या महिन्यात झाला होता, याच शहरात, तेहतीस वर्षांपूर्वी. मिरजेहून रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर नुकत्याच आल्या होत्या. "आदल्या दिवशी मी बरणीभर लोणचं घातलं होतं," त्यांनी चेतनाला एकदाच सांगितलं होतं. "मला काही म्हणजे काही होत नव्हतं." मुलगा दीड महिना काचेच्या पेटीत राहिला, जगला, आता पुण्यात असतो. लवकर का आला, ते कुणी सांगू शकलं नाही. "हे असेल किंवा दुसरंच काही. आता कळायचं नाही."

त्या डिसेंबरातल्या एका बुधवारी त्यांनी टकटक केली, दार उघडलं आणि प्लेट्स बाहेर काढल्या. प्लेटवर फक्त क्रमांक असतो, नावं वहीत असतात. एकशे बारा क्रमांकाची प्लेट त्यांनी दिव्याकडे धरली. दाट गुलाबी, एकाच जातीचं, काठापासून काठापर्यंत.

"चेतना, एकशे बारा कोण बघ गं."

चेतनानं वहीवर बोट फिरवलं. "प्रतिमा साबडे. उम्र इकसठ. विकास नगर. गर्भवती वाली लिस्ट में नहीं है काकू, काउंटर से सीधे आया है. पुराना कार्ड."

देवयानीबाईंनी प्लेट खाली ठेवली, अगदी हळू, भरलेली वाटी ठेवावी तशी.

"साबडेवहिनी," त्या म्हणाल्या. "महाराष्ट्र मंडळातल्या. अगं, त्या श्रावणात गेल्या. तेराव्याला मी त्यांच्या घरी जाऊन आले."

चेतनाला हसू आलं आणि ते ओठांवर येता येता थिजलं. टेबलावरची प्लेट अजून कोमट होती. झाकणाला आतून दव धरलं होतं, कुणी श्वास सोडल्यासारखं.

"नाम में गड़बड़ होगी, काकू."

"कार्ड त्यांचं, पत्ता त्यांचा, फोन नंबर त्यांचा." देवयानीबाईंनी पावतीवरची ओळ पुन्हा वाचली. तपासणी : युरीन कल्चर. तक्रार : काही नाही. "तक्रार नाही आणि कल्चर मागितलंय, स्वतःहून. असं कोण मागतं?"

चेतनालाही ते माहीत होतं. बिनतक्रारीची ही तपासणी त्यांच्याकडे एकाच अवस्थेत होत असे.

"फ्रिजमधली बाटली आण."

पुढे त्यांनी जे केलं ते नियमात नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. कुणी न सांगता, कुणाला न विचारता त्यांनी दिवस गेल्याचं सांगणारी पट्टी बाटलीत बुडवली आणि पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर आडवी ठेवली. पहिली रेघ लगेच आली. ती सगळ्यांचीच येते. मग काहीच नाही. चेतना घड्याळाकडे बघत राहिली. आणि मग दुसरी रेघ आली, सावकाश, पट्टीच्या आतून कुणी पेन्सिलीनं ओढत आणावी तशी.

एकसष्ट वर्षांच्या, श्रावणात गेलेल्या बाईला दिवस गेले होते.

"काकू, मुझे डर लग रहा है," चेतना म्हणाली.

"मलाही," म्हणत देवयानीबाईंनी फोन उचलला आणि कार्डावरचा नंबर लावला. स्पीकर चालू ठेवला.

चार वेळा वाजला. पाचव्यांदा कुणीतरी उचलला. मागे कुकरची शिट्टी होत होती.

"हॅलो. साबडेवहिनी आहेत का?"

एका बाईचा आवाज, मुद्दाम खाली ओढलेला. "हो. प्रतिमाच बोलतेय."

चेतनानं टेबलाची कड धरली.

"मी लॅबमधून बोलतेय," देवयानीबाई म्हणाल्या, कुठल्याही दिवशी बोलतील तशाच. "तुमच्या तपासणीसाठी विचारायचं होतं. जळजळ होते का? ताप? कंबरेत दुखतं?"

"नाही. मला काहीच होत नाही." आणि मग तोच आवाज, खालचा धागा सुटल्यासारखा, एकदम तरुण, "का? काही निघालं का?"

"रिपोर्ट व्हायचाय अजून. बरं, वहिनी. ठेवते."

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्या हात त्याच्यावरच ठेवून बसल्या.

"यमराज के ऑफिस में फ़ोन लगा दिया क्या?" चेतनानं विचारलं. आवाज तिला वाटला होता तितका थट्टेचा निघाला नाही.

"सून आहे," देवयानीबाई म्हणाल्या. "नयना. तेराव्याला पंगतीत वाढत होती. मुलगा विपुल केंद्र सरकारच्या नोकरीत, महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. घरात ती एकटीच असते."

दुपारी रिपोर्ट सहीसाठी डॉक्टरांकडे गेला आणि तासाभरात परत आला. डॉक्टरांनी बरोबर तेच लिहिलं होतं जे लिहायला हवं होतं. वय एकसष्ट, तक्रार नाही. या वयात लघवीत जंतू सापडले तरी त्रास नसेल तर औषध देऊ नये, असाच नियम आहे. खाली निळ्या शाईत शेरा होता : उपचाराची गरज नाही.

"हा कागद संध्याकाळी तिच्या हातात पडेल," देवयानीबाई म्हणाल्या. "ती वाचेल, आणि सुटकेचा श्वास सोडेल." त्यांनी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. "स्कूटी काढ."

विकास नगरपर्यंत धुकं विरलेलं नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते आणि दिवे लागले होते. साबडेंचं घर सेक्टरच्या शेवटच्या गल्लीत, तळमजल्यावर. बाहेरच्या तारेवर एकच कपडा वाळत होता, फिकट करड्या काठाची म्हातारपणची साडी. दाराशी एकच चपलांची जोडी, टाचेशी झिजलेली. तरण्या माणसाची एकही खूण अंगणात नव्हती.

नयनानं दार उघडलं. तिशीची असेल. अंगात तपकिरी, गुडघ्यापर्यंत येणारं स्वेटर, गळ्यात साखळीला लटकलेला चष्मा. तो चष्मा ओळखून देवयानीबाई उंबऱ्यातच थबकल्या. साबडेवहिनी मंडळात भजनाचं पुस्तक वाचताना तो लावायच्या.

"काकू, तुम्ही?"

"सकाळी फोन मीच केला होता."

नयनाचा चेहरा पांढरा पडला. ती बाजूला झाली. मग स्वयंपाकघरात गेली. बैठकीत भिंतीवर एक खिळा होता आणि त्याखाली चौकोनी, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ जागा. चेतनानं तिकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

नयना चहा घेऊन आली. चार कप होते. तिघींपुढे तीन ठेवले आणि चौथा खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीसमोर.

"वहिनींचा फोटो कुठाय?" देवयानीबाईंनी विचारलं.

"कपाटात ठेवलाय," नयना म्हणाली. "त्या आहेत ना अजून."

बाहेर कुणी भाजीवाला ओरडत गेला, मटार, मटार. चेतनाला तो आवाज फार बरा वाटला.

"दोनदा गेलं, काकू." नयना कपाकडे बघत बोलत होती, सरळ, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तशी. "पहिल्यांदा दोन महिने झाल्याबरोबर सगळ्यांना कळवलं. दुसऱ्यांदा कळवलं नाही, पण दवाखान्यात नाव घातलं. आठ दिवसांत गेलं. आई म्हणाल्या, आता पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्यात मी तुझी चोरओटी भरेपर्यंत कुठे नाव लागू द्यायचं नाही. तोंडावर नाही, कागदावर नाही. आणि मग त्याच गेल्या. ओटी भरणारं कुणी उरलं नाही. मग मी ठरवलं, जे दोनदा येऊन बाळ घेऊन गेलं त्याला वाटायला हवं, या घरात एक म्हातारीच तेवढी राहते."

"म्हणून साडी."

"रोज धुवून वाळत घालते. फोन त्यांचा चालू ठेवलाय. तपासण्या मी टाळत नाही हं, काकू. वाचलंय मी सगळं. तिसरा महिना चालू आहे, रक्त, साखर, लघवी, सगळं वेळेवर केलं. फक्त त्यांच्या नावावर."

"विपुलला माहितीय?"

"माहितीय. तो म्हणतो, वेडी आहेस. पण तोही फोटो परत लावत नाही."

चेतना वाट बघत होती की काकू आता रागावतील. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पर्समधला कागद काढला आणि नयनापुढे उलगडला.

"हा वाच."

नयनानं वाचला. शेवटच्या निळ्या ओळीवर तिचे खांदे सैल झाले. "गरज नाही म्हणतात."

"वहिनींना गरज नाही. एकसष्टच्या बाईला हे असलं तरी चालतं. डॉक्टरांनी चूक केलेली नाही. त्यांच्यापुढे तुझं वयच आलं नाही, तुझे तीन महिने आले नाहीत. हीच प्लेट तुझ्या नावावर असती ना, तर आज संध्याकाळी गोळ्या सुरू झाल्या असत्या." त्या थोड्या पुढे झुकल्या. "तू बाहेरून येणाऱ्याला फसवत बसलीस. हे आत आहे, नयना. वाढतंय. त्याला नाव लागत नाही, पत्ता लागत नाही. ते कागद वाचत नाही. कागद आम्ही वाचतो."

"आधीची दोन त्याच्यामुळेच गेली का?"

"ते मला माहीत नाही. कुणालाच नसेल. हे तिसरं त्याच्यामुळे जायला नको, एवढंच माझ्या हातात आहे."

नयना बराच वेळ स्वेटरची बाही बोटांत गुंडाळत राहिली. "ओटी भरल्याशिवाय मी नाव नाही घालणार," ती शेवटी म्हणाली, हट्टानं नाही, हात जोडल्यासारखं.

"मग भरू. वहिनींचं कपाट कुठलं?"

आतल्या खोलीत लाकडी कपाट होतं. देवयानीबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. चेतनाला आधीच कळलं होतं त्या काय करणार. त्यांनी बोटाच्या पेरानं तीनदा टकटक केली आणि थांबल्या.

त्या थांबण्यात खोली इतकी गप्प झाली की चेतनाला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू आलं. आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. साडीची घडी असेल, किंवा लाकूड असेल. थंडीत लाकूड वाजतं.

देवयानीबाईंनी दार उघडलं. समोरच फोटो होता, उभा, बाहेर बघणारा. त्याच्यामागे कागदात बांधलेला हिरवा खण, हळकुंड आणि सुपारी. साबडेवहिनींनी जाण्यापूर्वी सगळं काढून ठेवलं होतं.

नयना तिथंच जमिनीवर बसली आणि पहिल्यांदा रडली.

नारळ घरात नव्हता. सकाळीच आणलेला मोठा पेरू होता, तो चालला. चेतनानं डब्यातून तांदूळ काढून दिले. देवयानीबाईंनी नयनाला पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवलं, कुंकू लावलं आणि तिच्या पदरात ओंजळी घातल्या. कुणी काही म्हटलं नाही. चोरओटी तशीच भरायची असते. मग त्यांनी पर्समधून कोरा फॉर्म काढला, त्यावर स्वतः लिहिलं, नयना साबडे, वय एकतीस, तिसरा महिना, आणि सहीसाठी पेन तिच्या हातात दिलं.

निघताना फोटो खिळ्यावर होता. चौथा कप मात्र रिकामा होता, आणि तो कुणी प्यायला हे चेतनानं बघितलं नव्हतं. विचारायची हिंमतही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी नयना आपल्या नावाची बाटली घेऊन आली. प्लेट तशीच गुलाबी उठली. खालच्या डॉक्टरीणबाईंनी कोणतं औषध लागू पडतं ते पाहून आठवडाभराच्या गोळ्या दिल्या आणि त्या संपल्यावर दहा दिवसांनी पुन्हा तपासायला सांगितलं. कारण एकदा गेलेलं परत येऊ शकतं, आणि येताना आवाज करत नाही.

तो पुन्हाचा नमुना जानेवारीतल्या एका सोमवारी आला. देवयानीबाईंनी दुपारी त्याच्या रेघा प्लेटवर ओढल्या, बाकीच्या अकरा प्लेट्सबरोबर. पावणेचारला हात धुतले, शाल गुंडाळली आणि घरी गेल्या.

मंगळवारी सकाळी सव्वासातला, चेतना लॅबचं कुलूप काढत असताना, त्यांच्या यजमानांचा, श्रीपादकाकांचा फोन आला. पहाटे झोपेतच गेल्या होत्या. "तिला काहीच होत नव्हतं गं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "काल रात्री जेवली नीट. काही म्हणजे काही होत नव्हतं."

चेतना फोन ठेवून खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. आता जायला हवं होतं. पण कपाटाचा लाल दिवा जळत होता, आणि आत बारा प्लेट्स होत्या. ज्या हातानं त्यांवर रेघा ओढल्या होत्या तो आता सरोजिनी नगरातल्या घरात थंड पडला होता. प्लेट्स रात्रभर वाढत राहिल्या होत्या.

तिनं बोट वर केलं आणि तीनदा टकटक केली. मग थांबली. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली.

दार उघडल्यावर ऊब तोंडावर आली. दोन प्लेट्स उठल्या होत्या. त्यांच्यावर काकूंच्या हाताच्या रेघा होत्या, तोच शेवटाला जरासा वर जाणारा झोका, गुलाबी ठिपक्यांनी एक एक करून रात्रीत लिहून काढलेला. जिवंत अक्षर. चेतनानं दोन्ही बाजूला ठेवल्या. मग सातवी प्लेट दिव्याकडे धरली. वहीत बघायची गरज नव्हती, नाव तिला पाठ होतं. तिरकी करून धरली, तेव्हा कड्याच्या पुसट खुणा दिसल्या, नागमोडी, शेवटाला वर जाणाऱ्या. त्यांच्यावर काही उगवलेलं नव्हतं. एकही ठिपका नाही.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"हॅलो, देवयानीकाकू आहेत का?" नयना होती. आवाजाच्या मागे श्वास धरलेला. "रिपोर्ट आज सांगते म्हणाल्या होत्या."

चेतनाच्या तोंडाशी हिंदी वाक्य आलं. हातात अजून प्लेट होती, कोमट. चौथा महिना लागलेली बाई, घरात एकटी. आज नको, तिला वाटलं. आज एवढंच नको.

"हो," ती म्हणाली, मराठीत, आवाज जरा खाली ओढून. "देवयानीच बोलतेय."

पलीकडे काहीच ऐकू आलं नाही. कुकर नाही, भाजीवाला नाही.

"प्लेट कोरी आहे, नयना. काही उगवलं नाही. पण दर महिन्याला दाखवत राहायचं, हं."

"बरं, काकू," नयना अगदी हळू म्हणाली. आणि आणखी थोडा वेळ गेल्यावर, "ठेवते."

चेतनानं फोन ठेवला. रिपोर्टवर नाव लिहिलं, वय लिहिलं, आठवडे लिहिले. मग उरलेल्या प्लेट्स बघायला वळली, तेव्हा लक्षात आलं की कपाट मघापासून उघडंच आहे आणि थंडी आत शिरतेय. आदल्या दिवशी पावणेचारलाही ते असंच राहिलं होतं. शाल गुंडाळून दारापर्यंत गेलेल्या देवयानीबाई वळल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "चेतना, दार नीट लावून घे गं. ऊब जाते."